अंबाड्यातली फणी

अहमदपूरहून नांदेडला भाचीच्या लग्नाला निघालो होतो. एसटीत खिडकीशी बायको, मधी मी, आणि माझ्या पलीकडे एक अनोळखी गृहस्थ. गप्प बसणं माझ्या प्रकृतीला सोसत नाही. मी त्यांना काठीची मूठ दाखवली.

"हस्तिदंत हाय. आमच्या आजोबानं निजामाच्या हत्तीला कुस्तीत चीत केलं. हत्तीनं शरमेनं सुळा काढून दिला."

मूठ उंटाच्या हाडाची, बाजारातली. पण मी थांबतो होय! आफ्रिकेचा दंत टणक, काचेसारखा. आपला मऊ, पांढराफेक, लवकर पिवळणारा. हातात धरला की आधी गार, मग चटकन ऊब. कापलेल्या टोकावर रेघा एकमेकींना छेदून जाळी करतात. सगळं सांगितलं.

"लई माहिती हाय तुम्हाला," ते म्हणाले. "मी वनखात्यात असतो. हस्तिदंत ठेवायचा कागद हाय का?"

मी दचकून असा सरकलो की एसटी एका बाजूला कलली. कारण खरा हस्तिदंत बसमध्ये होताच. बायकोच्या अंबाड्यात, तिच्या आजीची फणी, लोण्यासारखी पिवळी. आणि कागद कुठला! मला तुरुंग दिसायला लागला, आतल्या डासांसकट.

"साहेब, उंट हाय, उंट! हत्ती न्हाई!"

"आन् कुस्ती?"

"उंटासंगंच झाली, साहेब."

सगळी बस हसली. बायकोनं मात्र तेवढ्या उन्हात पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला. साहेबांनी काठी मागून घेतली आणि मोबाइलचा उजेड मुठीवर पाडला.

"जाळी न्हाई. काळे ठिपके हायत. हाडच हाय."

काठी परत आली, तशी मी ती पायांमागं दडवली. नांदेडच्या स्टँडवर उतरताना ते बायकोकडे वळले.

"वैनी, लई उकडतंय, पदर घ्या खाली. तुम्ही गाडीत चढलात तवाच फणी बघितली मी. सोमवारी दोघं हापिसात या. आपणहून आणून दिलेली बरी. मला घरी यायला लावू नका." आणि माझा पत्ता विचारून घेतला.

आज रविवार. फणी दिवसभर ज्वारीच्या कणगीत होती. बायको सकाळपासून एवढंच बोलली, "आजीची होती ती." आणि मग, "उद्या तिथं हत्तीचं नाव काढलं तर बघा!"

संध्याकाळी तिनं फणी काढली, एकदा केसांतून फिरवली, पुसून पिशवीत ठेवली. दारापुढं मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, की मी काठी पलंगाखाली सरकवतो. उंटाची असली तरी.