समृद्धीवर आलेला फोन

बाबा गेल्यानंतर देवाची पूजा बायकोच करायची, मी नाही. ते अतिदक्षता विभागात होते तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी मारुतीरायाला अक्षरशः बजावत होतो, की त्यांना परत दे. त्यानं दिले नाहीत. मग हात जोडण्यात काय अर्थ, असं वाटू लागलं. राग म्हणावा तर तोही नव्हता. आत नुसतं कोरडं पडलं होतं.

त्याच वर्षी मी नवी गाडी घेतली. चिकलठाण्यातला आमचा कारखाना बरा चालला होता आणि वेगवान गाडीची हौस जुनी होती. सकाळी सावंगीहून समृद्धी महामार्गावर चढायचं आणि जालन्याच्या दिशेनं गाडी सोडून द्यायची. वेग वाढला की डोक्यातलं सगळं मागं पडायचं. निघताना बायको एकच विचारायची, "परत येणार आहात ना?" मी हसायचो. ती ते थट्टेत विचारत नव्हती, हे आता कळतं.

माघातली सकाळ होती. रस्त्यावर मागंपुढं चिटपाखरू नव्हतं. ऊन नुकतंच वर आलेलं, थेट डोळ्यांत. एरवी ज्या वेगाला मी पाय सैल करायचो, तो वेग कधीच मागं पडला होता. मग एका क्षणी इंजिनाचा आवाजही जाणवेनासा झाला. गाडी मी चालवत नाही, रस्ताच मला ओढून नेतोय असं वाटलं, आणि पाय उचलावासा वाटेना. भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. ती शांतता आठवली की आजही अंगावर शहारा येतो.

तेवढ्यात समोरच्या स्क्रीनवर फोन आला. नाव होतं, बाबा.

 बोट आपोआप बटणावर गेलं. "बाबा?"

पलीकडून खरखर, मग एका म्हातारीचा आवाज. "आवाज लई येतोय भाऊ, काय बी ऐकू येईना. गाडी थांबीव, मग बोल."

मी निमूटपणे पाय उचलला आणि गाडी कडेला घेऊन थांबवली.

"हां, आता बोल. काल तुझा फोन येऊन गेला. कोण पाहिजे व्हतं?"

तेव्हा उलगडलं. बाबांचा नंबर आम्ही बंद होऊ दिला होता. तो आता या बाईंना मिळाला होता. आदल्या दिवशी, का कोण जाणे, मी तो लावला होता आणि रिंग वाजताच घाबरून ठेवून दिला होता.

"वडील," मी म्हणालो. "हा नंबर त्यांचा होता."

"हायेत का ते?"

"नाहीत."

 ती म्हणाली, "घरी जाय बाळा. घरचे वाट बघत आसतील."

फोन ठेवून मी खाली उतरलो. वारा पडलेला होता. समोरचा चढ जिथं संपत होता तिथपर्यंत कडेकडेनं चालत गेलो. पलीकडच्या उतारावर नीलगायींचा, आमच्याकडं म्हणतात तसा रोह्यांचा, मोठा कळप अख्खा रस्ता अडवून उभा होता. एकही हलत नव्हता. सगळे माझ्याकडंच बघत होते, मी येणार हे ठाऊक असल्यासारखे. मग एकेक करत, कसलाही आवाज न करता, ते कडेच्या गव्हात उतरले आणि दिसेनासे झाले.  मी तिथंच कठड्याला टेकून बसलो.

त्या माउलीचं नावही मी विचारलं नाही. आलेल्या फोनची चौकशी करावी, एवढंच तिच्या मनात होतं. तिचे उपकार मी कुठं आणि कसे फेडणार? आणि ज्या मारुतीरायाला मी हुकूम सोडत होतो, त्यानं माझं ऐकावं असा माझा हट्ट होता. त्याचं मी ऐकावं, हे कधी मनातच आलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. माझा चेहरा बघून तिनं गॅस बंद केला. आंघोळ करून मी देवासमोर बसलो. मागायला काही सुचेना. मग न मागताच बसून राहिलो, आणि पहिल्यांदा बाबांसाठी पोटभर रडलो.