सहा पायांची शेळी
देवगाव फाट्यावर रंगाच्या दुकानापुढं बस थांबली, ऑइलपेंटचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी खेड्यातल्या शाळेच्या भिंतीवर मी मनानंच एक प्राणी काढला होता. सहा पाय, मोराची मान, शिंगांवर चिमण्या. पोरं रोज त्याची नवी गोष्ट रचायची. तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हे कोणतं जनावर हाय? चित्राखाली नाव पायजे." मी म्हटलं, "सर, मनातलं हाय, त्याला नाव न्हाई." "मग साहेबाला काय सांगू?" म्हणत त्यांनी स्वतः ब्रशनं लिहिलं, 'शेळी'. साहेबांनी उत्तम शेरा दिला. पोरांच्या गोष्टी बंद झाल्या. दुसरीतली एक पोरगी तेवढी रडत आली, "बाई, आमच्या घरच्या शेळीला चारच पाय हायत, तिचे दोन पाय कुणी काढून घेतले?" याचं उत्तर त्या साहेबानंच द्यावं, मी अजून वाट बघायलेय.