शून्य चार पाच पाच

गॅरेजात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाडी फाटकातून आत वळतानाच तो सांगून मोकळा व्हायचा, तिसरा प्लग गेलाय, नाहीतर पट्टा सैल झालाय. चाळीस वर्षं घर त्या कानांवर चाललं. साठीनंतर मात्र ते हळूहळू मिटत गेले. माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटू लागली.

मग लेकीनं गॅरेज हाती घेतलं आणि एक स्कॅनर आणला. स्टिअरिंगखाली त्याची वायर खोचली की पडद्यावर आकडे उमटत.

"बाबा, कुठं दुखतंय ते आता गाडीच लिहून देते," ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली.

चार महिने तो त्या यंत्राकडे सवतीकडे बघावं तसा बघत होता. पुढं त्यालाच नाद लागला. शून्य तीनशे म्हणजे इंजिन ठोके चुकवतंय. शून्य एकशे एकाहत्तर म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. दुपारी खुर्चीत डोळा लागला की ते आकडे संथपणे तरंगत यायचे, आणि त्याला बरं वाटायचं. कानांची गरज न पडता कोणीतरी आपल्याशी बोलतंय, एवढंच.

एकदा कपडे शिवणाऱ्या बाई आपली राखाडी गाडी घेऊन आल्या. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. कोड आला शून्य चार पाच पाच, म्हणजे टाकीतली वाफ कुठूनतरी निसटतेय. लेकीनं टाकीचं झाकण बदललं, नळ्यांत धूर सोडून बघितला. कुठं चीर नव्हती. तिनं दिवा घालवला. दोन आठवड्यांनी तो पुन्हा लागला. त्यानंतर तिसऱ्यांदा.

"ताई, झाकण कट् वाजेपर्यंत पिळता ना?" कानसेननं विचारलं.

"अहो, पेट्रोल भरून महिना होत आला," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "मी झाकणाला हात कशाला लावू?"

हे त्याच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर स्कॅनर पिशवीत टाकून तो त्यांच्या घरी गेला.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. भिंतींवर पिवळं ऊन सांडलेलं, आणि कोणाच्यातरी वाळत घातलेल्या चादरी फुगून पुन्हा खाली बसत होत्या. राखाडी गाडी दारात उभी होती. तिच्या मागच्या चाकाशी, छोट्या स्टुलावर, पांढरा सदरा घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. टाकीचं झाकण त्यांच्या ओंजळीत होतं. डोळे मिटलेले, चेहरा टाकीच्या तोंडाकडे किंचित झुकलेला. फुलाचा वास घेताना झुकावा तसा.

कानसेन जागच्या जागी थांबला.

त्यांनी डोळे उघडले. याला बघून ओशाळले नाहीत, उलट लगबगीनं उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "किती भरू, साहेब?"

"फुल करा," कानसेनच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी हवेतच नळी धरली, मनात काहीतरी मोजलं, मग झाकण लावून ते अलगद अर्धंच फिरवलं. "झालं. सावकाश जा हं."

दारात बाई उभ्या होत्या. पदर तोंडाला लावलेला.

"आमचे हे तीस वर्षं पेट्रोल पंपावर होते," त्या जवळ येऊन म्हणाल्या. "आता माझं नावही आठवत नाही त्यांना. दुपारी मी मशीनवर बसते, मला वाटायचं हे झोपलेत. आता गाडी लॉक करूनच ठेवते."

"नका करू, ताई."

"पण दिवा?"

"दिव्याचं काय घेऊन बसलात! ते आत गेले की मागून जाऊन झाकण घट्ट पिळा. फक्त तिथं काडीबिडी कोणी ओढायची नाही, आणि जास्त वेळ वास घेऊ देऊ नका. तुम्हीही सोबत बसा हवं तर."

स्कॅनरनं कोड पुसून तो घरी आला. लेकीला त्यानं सगळं सांगितलं, झाकण कसं अर्धंच फिरवलं ते हातानं करून दाखवलं. तिनं पाण्याचा तांब्या तेवढा पुढं सरकवला.

दिवा त्यानंतर लागला नाही. वर्षभरानं बाई ऑइल बदलायला आल्या.

"आता गाडीपर्यंत येतच नाहीत," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी बसून असतात."

त्या रविवारी कानसेन पुन्हा त्या गल्लीत गेला. खिडकीपाशी दुसरी खुर्ची ओढून बसला. वृद्ध गृहस्थांनी त्याच्याकडे बघितलं, ओळख पटली नाही, तरी जरा सरकून त्याला उन्हात जागा करून दिली. दोघं बराच वेळ रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत राहिले.