गोडंपाणी

माझ्या थोरल्या जावेला धक्क्यावर सगळे गोडंपाणी म्हणायचे. जिच्या जिभेवर सकाळपासून कारलं असतं तिला हे नाव कुणी दिलं, असं नवा माणूस हमखास विचारायचा. नाव पडलं तिच्या हेक्यापायी. लोकांच्या हौशी बोटी समुद्रातून वर काढून टेकूंवर उभ्या केल्या की त्या धुवायच्या, घासायच्या आणि मेण लावून चकचकीत करायच्या, हे आमचं काम. कुणी नुसतं फडकं हातात घेतलं की ही लांबून ओरडणार, "आधी गोडं पाणी! मिठावर फडकं फिरवतेस? पॉलिश करतेयस की खरवडतेयस गं?" खारं पाणी वाळलं की मिठाचे कण बोटीला चिकटून राहतात, त्यावरून फडकं गेलं की ओरखडे कायमचे. तिचं बरोबरच होतं. पण बरोबर बोलणाऱ्याचंही तोंड दाबावंसं वाटतं की नाही?

हे काम मला तिनंच शिकवलं, आणि तेवढं एक ती मला कधी विसरू देत नाही. उन्हानं बोटीचा वरचा थर मरतो, हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. ती आधी घासून काढायची, मग मेण. मेण कसं लावायचं? ताटलीएवढ्या जागेला, पातळ. धुरकट दिसायला लागलं की पुसायचं, मग पुढची ताटली. भर उन्हात तर हातच लावायचा नाही, मेण तिथंच बसतं आणि मग नखानं काढत बसा. "बोटीवर बोट फिरवून बघ, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस," असं म्हणायची आणि मग स्वतःचं बोट माझ्या कामावरून फिरवून खोट काढायची. चारचौघांत! तोंडावर मी "हो जाऊबाई" म्हणायची. मनात काय म्हणायची ते इथं सांगण्यासारखं नाही.

मग मी पॉलिशचं मशीन घेतलं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आता हिचे हात झिजणार नाहीत, बोटी झिजतील," म्हणाली. एकदा मशीन एका जागी जरा जास्त थांबलं आणि एका निळ्या बोटीवर पांढुरका डाग पडला. एवढासा. ही बया मला एक शब्द न बोलता सरळ मॅनेजरकडे! अहो, घरची माणसं ना आपण? मला सांगितलं असतं तर दोघींनी मिळून निस्तरलं असतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

राहायचं मात्र एकाच घरात, मध्ये एक भिंत आणि मोरी सामाईक. काही सांगायचं झालं की भिंतीला सांगायचं. "कुणीतरी नळ उघडा टाकून गेलंय वाटतं!" मग मी पातेल्याला सांगायची, "कुणाकुणाला नळाचंच पडलेलं असतं." तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, शिडीवरून पडल्यापासून अंथरुणावर आहेत. त्यांचं औषधपाणी, घरभाडं, दोन वेळचं जेवण, सगळं तिच्या दोन हातांवर. आमचे हे गाडी चालवतात, त्यामुळं आमचं बरं चाललंय. संध्याकाळी हे भाऊजींच्या खाटेवर बसून पत्ते खेळतात. भावाभावांचं गूळपीठ, आणि आम्ही दोघी एकमेकींना पाण्यात पाहणार.

धक्क्यावर तर रोज तमाशा. तिच्या पाइपचे शिंतोडे माझ्या ओल्या मेणावर, माझ्या मशीनची वायर तिच्या पायात. शेवटी मॅनेजर वैतागला. त्यानं दोघींना एका मोठ्या पांढऱ्या बोटीपुढं उभं केलं. "गिऱ्हाईकं कानात बोटं घालून पळतात तुमच्यापायी. मी एकीलाच ठेवणार. उजवी बाजू थोरलीची, डावी धाकटीची. जिची बाजू चांगली, ती राहील. दुसरीनं घरी बसायचं."

काम गेलं तर तिच्या घरी काय होईल हे मला माहीत होतं. तरी मला तीच हरायला हवी होती. खोटं कशाला बोलू?

आता झालं काय, ते नीट ऐका. बोटीच्या नाकावर दोन्ही बाजू एकत्र येतात. मी विचार केला, माझं मेण चुकूनसुद्धा तिच्या बाजूला जायला नको, नाहीतर ही म्हणायची माझंच काम. म्हणून मी नाकापासून चार बोटं अलीकडे, माझ्या बाजूला, वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी मारली. पलीकडे तिनंही हाच विचार केला आणि तिच्या बाजूला चार बोटं सोडून पट्टी मारली. सांगून सवरून नव्हे. इतक्या वर्षांत दोघींचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

मग आम्ही जीव तोडून काम केलं. तिनं आधी गोडं पाणी, मग साबण, मग परत गोडं पाणी, मग हातानं घासत एकेक ताटली. मी मशीन फिरतं ठेवलं, एका जागी क्षणभर थांबू दिलं नाही. दोन्ही बाजूंवर बाजूचं शेड अगदी आरशासारखं दिसायला लागलं. पट्ट्या काढल्या, तेव्हा मधला तेवढा भाग तसाच राहिलेला मी बघितला. मळकट, पिवळा पडलेला, मिठानं भरलेला. बघितला आणि मनात म्हटलं, राहिली की नाही तिची जागा! आता कशी सापडली! मी मुकाट्यानं बादली धुवायला गेले. तीसुद्धा तो बघून, ओठ मुडपून, फडकी पिळायला गेली.

मॅनेजर बोटमालकाला घेऊन आला. दोघं उजवीकडून फिरले, डावीकडून फिरले. "वा," मालक म्हणाला, "दोन्हीकडे तोड नाही." मग दोघं समोर आले आणि मालक थांबला. नाकावर वरपासून खालपर्यंत वीतभर रुंद घाण. बाजू चमकत होत्या म्हणून ती जास्तच डोळ्यात भरत होती.

"हे काय आहे?" मालक म्हणाला.

"कुणाची जागा ही?" मॅनेजर ओरडला.

"हिची!" दोघी एकदम म्हणालो.

मालक हसला. मॅनेजर हसला नाही. "उद्यापासून दोघींनी यायचं नाही," एवढंच म्हणाला. सुंठीवाचून खोकला गेला त्याचा. आम्ही मात्र हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. घरी येईपर्यंत मी वाटभर तिला शिव्या देत होते आणि ती दहा पावलं पुढं, पाठ ताठ करून चालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं आणि मेणाचा डबा घेऊन निघाले. म्हटलं, तेवढी पट्टी फुकटात करून टाकते, मॅनेजरचं मन वळेल. फाटकाशी पोचले तर ही बाई आधीच तिथं. बादलीत गोडं पाणी भरून आणलेलं. रखवालदार फाटक उघडेना. आत दुसरेच दोघं जण ती पट्टी घासत होते, आणि धड न धुताच घासत होते. तिला ते बघवेना. "अरे, आधी पाणी मारा रे!" असं ती ओरडली. आतून कुणी वळूनही बघितलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. किती दिवसांनी भिंतीला नाही, मला बोलली.

"धाकटे, जागा तुझी होती."

"तुमची होती, जाऊबाई."

"बरं, माझी," ती म्हणाली. "तू घरी जाशील, रडशील, तुझा नवरा तुझी समजूत घालेल. मी घरी जाऊन माझ्या नवऱ्याला काय घालू गं?"

मी डबा घट्ट धरून उभी राहिले. तिनं बादली तिथंच फाटकाशी ओतून दिली आणि दुसरीकडे कुठं भांडी घासायचं काम मिळतंय का, ते रखवालदाराला विचारायला लागली.