ओके शॉटनंतरची टेप

मी सात वर्षांची असताना अकोला-दर्यापूरकडचे बरेच लोक मला ओळखत, पण मुलगा म्हणून. वऱ्हाडी बोलीतल्या विनोदी सिनेमांच्या सीड्या तेव्हा बसस्टँडवर विकायला असत. त्यातल्या चार सीड्यांमध्ये साऱ्या गावाला छळणारं खोडकर पोरगं मी झाले होते. दिग्दर्शक एका शाळेत मास्तर होते. त्यांना धीट लेकरू पाहिजे होतं आणि अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीत सगळ्यात धीट मीच निघाले. केस कापले, हाफपँट चढवली, झालं. एस.टी.चा कंडक्टर माझ्याकडून एक डायलॉग म्हणवून घ्यायचा आणि मगच बेल मारायचा.

काका लग्नाचं शूटिंग करत. सिनेमाचं काम असलं की तेही आपला हँडीकॅम घेऊन येत आणि बाजूला उभं राहून मला टिपत, घरच्यांसाठी. त्या टेपा वर्षानुवर्षं त्यांच्या कपाटात पडून होत्या. यंदाच्या दिवाळीत त्यांच्या मुलानं त्या पेन ड्राइव्हवर घेऊन दिल्या. मी अमरावतीला आमच्या घरी पहिलीतल्या लेकीला शेजारी घेऊन बसले.

पहिल्या टेपा पाहताना आम्ही नुसत्या हसत होतो. एकीत मी शूटिंगसाठी आणलेली जिलबी कॅमेरा लागायच्या आधीच खाऊन टाकलेली आणि मास्तर कपाळाला हात लावून बसलेले. दुसरीत मी बाबांच्या मांडीवर झोपलेली. बाबा रुमालानं माझ्यावरच्या माशा हाकलताहेत आणि कॅमेऱ्याला हातानंच सांगताहेत, जा तिकडं.

पुढची टेप लागली आणि माझं हसणं थांबलं. दर्यापूरजवळचा रस्ता, दोन्हीकडं कपाशी, मधे उभी जीप. तो दिवस मी कधीच विसरले नव्हते.

त्या सीनमध्ये पोराला मामाच्या गावी धाडतात आणि ते जीपमध्ये बसून रडतं. मला काही केल्या रडू येईना. डोळ्यांखाली बाम लावला, तर पाणी यायचं आणि तोंड मात्र हसायचं. ऊन उतरायला लागलं. शेवटी बाबा जवळ आले, खाली बसले आणि कानात म्हणाले, "तुयी आई आता नाही येत. तिले नवं बाळ झालं, तिकडंच राहाते म्हणते."

आई तेव्हा बाळंतपणाला माहेरी, वरूडला होती. मला ते खरं वाटलं. मी अशी रडले की सिनेमा पाहणारे सगळे म्हणत, काय काम केलं पोरानं! बाबांवर माझा फार जीव, पण हे एक आतल्या आत राहिलं. लग्न झालं, लेक झाली, तरी राहिलं. कधी विचारलं नाही.

काकांची टेप सुरू होते ती माझ्या रडण्यापासून. मास्तर ओरडतात, "ओके!" सगळे टाळ्या वाजवतात. मी मात्र रडतच असते. मग बाबा फ्रेममध्ये येतात आणि मला उचलून घेतात.

मास्तर म्हणतात, "भाऊ, थांबा. बाजूनं एक शॉट राहिला."

"नाही जमत."

"अहो, दोन मिन्टं. रडून राहिली तं घेऊन घेऊ."

बाबांचा आवाज चढतो. "नाही म्हणतलं ना! लेकराले तिच्या आईजवळ नेतो मी. ठेवा तुमचा सिनेमा."

त्यानंतर चित्र एकदम बदलतं. काकाही जीपमध्ये सोबत आले असणार. वरूडचं मामाचं अंगण, रात्रीचा बल्ब लागलेला. मी त्याच हाफपँटीत, बामाचे ओघळ गालावर तसेच. आई बाळाला घेऊन दारात येते आणि मी तिच्या कमरेला मिठी मारते.

वरूडचं ते अंगण मला आठवत होतं. पण ते त्याच रात्रीचं, हे मला माहीतच नव्हतं. बाबांनी शूटिंग अर्धं टाकून मला तिथपर्यंत नेलं होतं. तो बाजूचा शॉट पुढंही कधी झाला नाही. सीडीत माझं रडणं एकदम तुटतं आणि लगेच कोंबडा दिसतो. लोक त्यालाही हसायचे.

पुढच्याच रविवारी लेकीला घेऊन अकोल्याला गेले आणि आईबाबांना टेप लावून दिली. बाबांनी ती शेवटपर्यंत पाहिली. मग चष्मा काढून म्हणाले, "याच्यात नाही आलं, पण तुले रडवलं मीच. तुया आईचं नाव घेऊन खोटं बोललो होतो मी."

"मले माहीत हाये, बाबा."

"याद हाये तुले? मले वाटलं, लहान होती, विसरली असशीन." त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. "जीपमध्ये साऱ्या रस्त्यानं सांगत होतो, खोटं होतं म्हणून. तू आयकेच ना. आईले पाहिलं तवाच चूप झाली."

मी त्यांच्या जवळ सरकून बसले.

आई मात्र उसळली. "म्हणजे? मले तं म्हणे, पोरीले तुयी याद येऊन राहिली म्हणून आणली! अन् मी तुमाले शिरा करून घातला!"

"चांगला झालता," बाबा म्हणाले.

आई संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. आमच्याशी बोलली, शेजारणीशी बोलली, फोनवर माझ्या भावाशी अर्धा तास बोलली आणि त्यालाही सगळं सांगितलं. चहाच्या वेळी तिनं बाबांपुढं कप ठेवला, जरा जोरातच, आणि माझ्या लेकीला म्हणाली, "लाव वं ते वरूडवालं पुन्हा. माया भावाचं घर नीट पाहाचं राहिलं."

बाबांनी कप उचलला आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली. तिच्यासाठी पण एक ओढली.