फसलेल्या पाठाची नोंद
सरक वं जवळ, इतक्या दिवसांनी तोंड दाखवलं अन् आल्याआल्या जायची घाई काहून? आज आकाशकंदिलासाठी मैद्याची खळ शिजवली, त्या वासानं मले मास्तरकीच्या ट्रेनिंगचं वर्ष आठवलं. त्याच खळीनं पुठ्ठ्याचं घड्याळ चिकटवून मी विणकरांच्या मोहल्ल्यातल्या शाळेत तिसरीचा पाठ घेतला होता. बाहेर मागांची खटखट, आत मी घामानं चिंब. ‘समजलं का?’ विचारलं तर साऱ्या पोरी एका सुरात ‘हो बाई!’ अन् पावणेपाच दाखवा म्हटलं तर एकीलेही काटे लावता आले नाहीत. पाठ कसा झाला, ते आम्ही अनुभववहीत लिहून ट्रेनिंगच्या मॅडमची सही घ्यायचो. सोबतच्या साऱ्याजणी ‘पाठ यशस्वी झाला’ लिहीत. मी लिहिलं, ‘पाठ फसला. मुली भिऊन हो म्हणाल्या.’ मॅडम म्हणाल्या, ‘स्वतःच्या हातानं नापास होऊन राहिली का वं? खोड ते!’ ‘नाही खोडत मॅडम. नापास करा, पण उद्या तोच वर्ग परत द्या.’ दुसऱ्या दिवशी मॅडम मागे येऊन बसल्या. मी आधीच सांगितलं, ‘पोरींनो, काल माझंच चुकलं. नाही समजलं तर बिनधास्त बोला.’ काटे फिरवून दाखवले अन् विचारलं, ‘समजलं?’ पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एक बारकी पोरगी उठली, ‘बाई, मले नाही समजलं.’ मले इतका आनंद झाला की घड्याळ तिच्याच हाती दिलं. मी न खोडलेल्या त्या नोंदीखाली मॅडमनं सही केली. आता गुडघे दुखतात, पण कोणी ‘नाही समजलं’ म्हटलं की मी अजूनही सरसावून बसते. जा आता, पण लवकर ये वं, अन् मुक्कामाले ये.