नकाबाखालची भेळ

आमच्या औंढे गावच्या गाडीची वाट बघताना लोणावळ्याच्या थांब्यावर ती मला नेहमी भेटते. कॉलेजातली पोर, आवाज खणखणीत. नकाबाखालून भेळ खाते आणि एक कुरमुरा सांडत नाही. मी नवी नवरी असताना नाकापर्यंत पदर ओढून वाढायची, तेव्हा आमटी ताट सोडून सासऱ्यांच्या मांडीवर जायची, हे तिला कधीच सांगून झालंय.

काल एका बाईने तिच्यापाशी स्कूटर थांबवली. बाईचं स्वतःचं तोंड उन्हासाठी स्कार्फने गच्च बांधलेलं, वर गॉगल.

"शिकलेली ना तू? घरचे जबरदस्ती करतात का गं?"

"नाही ताई. अम्मी तर घालतच नाही, माझ्यावर चिडते. मीच अल्लासाठी..."

"पढवलेलं बोलतेस," म्हणत बाई निघूनही गेली.

माझं डोकं फिरलं. ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला? स्वतःच्या स्कार्फचं कारण तिला कोण विचारतं?

पोर डोळ्यांनी हसली. "रोजचंच आहे, आजी. तुम्ही का ओढायचात पदर?"

आजवर हा प्रश्नच पडला नव्हता. "मला कुनी इचारलंच न्हाई गं."

"मला विचारतात की." तिने भेळेचा पुडा माझ्यापुढे धरला. "फक्त उत्तर त्यांचं त्यांनीच ठरवलेलं असतं."